रात्रीपुरतं ऊन

एप्रिलची दुपार आहे. बीड जिल्ह्यातल्या केजच्या किंवा गेवराईच्या एखाद्या घराच्या स्लॅबवर सहा पॅनेल तापली आहेत, आभाळ लख्ख आहे, आणि तेवढ्यात लाइट जाते. खाली पंखा थांबतो. घरमालक वर जाऊन पॅनेलकडे बघतो, उन्हाकडे बघतो आणि सोलर बसवून देणाऱ्याला फोन लावतो, की अहो, एवढं ऊन असताना पंखा बंद कसा? असं विचारावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. उत्तर मात्र चकित करणारं आहे. काहीही बिघडलेलं नाही. इन्व्हर्टरने मुद्दाम स्वतःला बंद करून घेतलं आहे, आणि त्यामुळे कदाचित एका माणसाचा जीव वाचला आहे.

डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, याच्याशी देणंघेणं नसतं. वरून ११ हजार व्होल्ट आले की तो खाली घरगुती दाबाची वीज देतो. खालून एखाद्या घराने २३० व्होल्ट त्यात घुसवले, तर तोच ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि वरच्या तारांत ११ हजार व्होल्ट उभे करतो. लाइन बंद आहे या भरवशावर त्या वेळी वायरमन खांबावर चढलेला असू शकतो. म्हणून ग्रीडला जोडलेल्या प्रत्येक सोलर इन्व्हर्टरला सक्त अट असते, की लाइन गेली की त्यानेही तत्काळ थांबायचं. ही अट तो पाळतो का, याच्या चाचणीचं भारतीय मानक आयएस १६१६९. इन्व्हर्टर घेताना त्याच्या कागदावर हा आकडा शोधावा.

पण लाइन गेली हे त्याला कळतं कसं? वाटतं तितकं ते सोपं नाही. समजा, आळीतली घरं त्या क्षणाला जेवढी वीज ओढताहेत, नेमकी तेवढीच सगळ्यांच्या पॅनेलमधून येते आहे. अशा वेळी वरची लाइन तुटली तरी तारेतला दाब जागचा हलणार नाही. इथे इन्व्हर्टर जी युक्ती करतो ती मला फार आवडते. आपल्या विजेचे हेलकावे सेकंदाला ५० असतात. इन्व्हर्टर दिवसभर त्या ठेक्याला अगदी किंचित धक्का देऊन बघत राहतो. पलीकडे खरं ग्रीड असेल तर ठेका जराही बदलत नाही. बदलला, तर पलीकडे कोणी नाही हे त्याला उमगतं आणि तो थांबतो.

तो ज्याला धक्का देऊन बघतो त्याचा आकार एकदा डोळ्यांपुढे आणा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडशी एकाच ठेक्यात आलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची महाकाय जनित्रं एका लयीत फिरताहेत, आणि केजच्या स्लॅबखालचा सुटकेसएवढा डबा त्याच लयीत पाय टाकतो आहे. हा ठेका सापडला नाही तर तो एक युनिटही लाइनला देऊ शकत नाही.

आता हायब्रिड इन्व्हर्टर वेगळं काय करतो ते बघू. त्याच्या पोटात घर आणि लाइन यांच्यामध्ये एक रिले असतो. लाइन गेली की रिले उघडतो आणि घर बाहेरच्या तारांपासून पूर्ण तुटतं. वायरमन सुरक्षित. मग हाच इन्व्हर्टर ठेका धरण्याऐवजी स्वतः ठेका देऊ लागतो. ५० हेलकाव्यांची, २३० व्होल्टची वीज तो बॅटरी आणि पॅनेल यांच्या जोरावर घरापुरती नव्याने घडवतो. हा सगळा बदल साधारण १० ते २० मिलिसेकंदांत होतो. विजेच्या एका हेलकाव्याला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पंख्याला खबर लागायच्या आत काम उरकलेलं असतं.

हेलकावा घडवणं हेही साधं काम नव्हे. बॅटरीतून येणारी वीज सरळ असते, तिला चढ-उतार नसतो. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. सेकंदाला २० हजार वेळा तोडजोड होत असेल तर एकेका हेलकाव्यासाठी ४०० तुकडे पडतात. काही तुकडे रुंद, काही अरुंद. तेवढ्या रुंदी-अरुंदीतून, पुढच्या तारेच्या वेटोळ्यातून गाळून, गुळगुळीत लहर बाहेर येते. जुन्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणायचा, तो ही लहर खडबडीत असल्यामुळे.

बाजारात एक घोळ आहे, तो इथेच सांगतो. ऑन-ग्रीड, ऑफ-ग्रीड आणि हायब्रिड असे तीन प्रकार मिळतात, पण 'हायब्रिड' हा शब्द बरेच जण सैल हाताने वापरतात. पॅनेल, बॅटरी आणि लाइन या तिघांवर घर चालवणाऱ्या, पण उरलेली वीज लाइनला परत न देणाऱ्या सोलर पीसीयूलाही तेच नाव देऊन टाकतात. दुकानात एवढंच विचारा, की उरलेली वीज हा मीटरमधून परत पाठवतो का, आणि लाइन नसताना दिवसा पॅनेलवर घर चालवतो का? दोन्हींना स्पष्ट हो आलं, तरच पुढे बोला.

आता बॅटरी. या विषयाचं खरं नवल इथे आहे.

मराठवाड्यात इन्व्हर्टरची बॅटरी म्हटलं की कोपऱ्यात ठेवलेली, वर लाल टोपणं असलेली, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी शिशाची ट्युब्युलर बॅटरी डोळ्यांपुढे येते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. दोन्ही आकडे गुणले की १.८ युनिट होतात. पण ती निम्म्याखाली वारंवार रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून हाताशी जेमतेम ०.९ युनिट. वजन मात्र ५० ते ६० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची, बाजारात जिला एलएफपी म्हणतात ती, ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण ४५ ते ५० किलोची असते. तिच्यात ५.१२ युनिट मावतात आणि त्यातली ९० टक्के बिनधास्त वापरता येतात. म्हणजे कमी वजनात पाचपट वीज.

हिचं झाकण उघडलं तर आत ३.२ व्होल्टचे १६ सेल एकापुढे एक जोडलेले दिसतील. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचे स्फटिक, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट. फॉस्फेट म्हणजे डीएपीच्या पोत्यातून शेतात जातं तेच, ग्रॅफाइट पेन्सिलीत असतं ते. कोबाल्ट नाही, निकेल नाही. दिवसा पॅनेलची वीज आली की लिथियमचे आयन लोह-फॉस्फेटच्या स्फटिकातून निघतात, मधला पातळ पडदा ओलांडतात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. इलेक्ट्रॉनना मात्र त्या वाटेने जाता येत नाही, त्यांना बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. रात्री आयन उलटे परततात, इलेक्ट्रॉन पुन्हा तारेने येतात, आणि येता येता तुमचा पंखा फिरवून जातात.

किती लिथियम असं ये-जा करतं? गणित शाळेतल्या रसायनशास्त्राचं आहे. १०० अँपिअर-तास म्हणजे ३ लाख ६० हजार कुलंब. फॅरेडेच्या नियमाने एका सेलसाठी ते जवळपास २६ ग्रॅम लिथियम होतं. १६ सेलचं मिळून सुमारे ४१५ ग्रॅम. अर्धा किलोही नाही. आणि हे सगळं लिथियम जेवढं अंतर तोडतं ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे. घराची अख्खी रात्र, पंखे, फ्रीज, टीव्ही, मुलांच्या अभ्यासाचा दिवा, एवढ्याशा हालचालीवर चालते. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुन्हा तपासून बघितलं. उत्तर तेच आलं.

हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी आहे हे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या निबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. सुरुवातीला या स्फटिकाबद्दल फार आशा नव्हती, कारण त्यातून वीज नीट वाहत नाही. मग त्याचे कण अतिबारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप देण्याची युक्ती सापडली आणि अडसर दूर झाला. त्याचा गुण मात्र पहिल्यापासूनचा आहे. फॉस्फेटमधले चार ऑक्सिजन फॉस्फरसला इतके घट्ट बांधलेले असतात, की सेल तापला तरी सहज सुटत नाहीत. कोबाल्ट किंवा निकेलच्या लिथियम बॅटऱ्यांत तापल्यावर ऑक्सिजन मोकळा होतो आणि आगीला आतूनच खाद्य मिळतं. एलएफपीला आग लागूच शकत नाही असं मुळीच समजू नये, तिच्यातला द्रव पेट घेऊ शकतो. पण ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर ठरलेला, तिथे घरात ठेवायला मी हीच बॅटरी निवडीन.

तिच्या स्वभावातली आणखी एक गोष्ट माहीत हवी. शिशाच्या बॅटरीचा दाब मोजला की ती किती भरली आहे याचा अंदाज येतो. एलएफपीचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, ८० टक्के भरलेली आणि ३० टक्के भरलेली बॅटरी मीटरवर जवळपास सारखीच दिसते. म्हणून आतली बीएमएस नावाची पाटी आत-बाहेर गेलेली वीज अखंड मोजत बसते, शिवाय प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवते. मोजता मोजता थोडी चूक साठत जाते. महिन्यातून एखाद-दोनदा बॅटरी १०० टक्के भरू दिली की हिशेब पुन्हा जुळतो. ही बीएमएस आणि इन्व्हर्टर एका केबलवरून एकमेकांशी बोलतात. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले आणि त्यांची बोली जुळत नसेल, तर चांगल्या बॅटरीचीही परवड होते. इन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या बॅटरीचं मॉडेल आहे का, ते पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा.

हे सगळं बीडमध्ये घडतं आहे, याला माझ्या लेखी फार अर्थ आहे. परळीचं औष्णिक वीज केंद्र हा या जिल्ह्याचा अभिमान. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथले संच पाण्याअभावी बंद करावे लागले, आणि जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा जाळून वाफ करायची आणि ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं, तर पाणी अफाट लागतं, आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातच ते नव्हतं. कोळसा तरी काय आहे? २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. ते खणायचं, रेल्वेने आणायचं, जाळायचं आणि थंड करायला नदी मागायची. ज्या वर्षी नदी कोरडी पडते त्याच वर्षी ऊन सर्वांत मोकळं पडतं. त्या उन्हाला पाणी लागतं ते फक्त पॅनेल पुसायला.

तर मग घरी काय आणि केवढं घ्यायचं? बहुतेक लोक गच्चीपासून सुरुवात करतात, की जागा एवढी आहे, पॅनेल किती बसतील? मी म्हणेन, रात्रीपासून सुरुवात करा. पॅनेल दिवसाचं काम करतात, ते मागाहून ठरतं. बॅटरी तुमच्या रात्रीच्या मापाची हवी.

इथे दोन आकड्यांत गल्लत होते, किलोवॉट आणि किलोवॉट-तास. विहिरीत पाणी किती आहे ही एक गोष्ट, आणि तुमची मोटर एका वेळी किती उपसू शकते ही वेगळी. बॅटरीचे युनिट म्हणजे विहिरीतलं पाणी, इन्व्हर्टरचे किलोवॉट म्हणजे मोटर. पाणी भरपूर असून मोटर लहान असेल तर पाटाला धार येत नाही, आणि मोटर दांडगी असून विहीर उथळ असेल तर तासाभरात गाळ लागतो.

संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी एक रात्र कागदावर मांडू. साधे पंखे ७५ वॉटचे असतात. असे ४ पंखे ९ तास चालले की २.७ युनिट. कूलर १८० वॉटचा, ८ तास, म्हणजे १.४४. फ्रीज रात्रभरात अंदाजे ०.६. दिवे, टीव्ही आणि वायफायचा राउटर मिळून तेवढंच. आणि एक खर्च जो कोणीच धरत नाही तो इन्व्हर्टरचा स्वतःचा. नुसता चालू राहायला तो ५० वॉटच्या आसपास खातो, १२ तासांत ०.६ युनिट. एकूण बेरीज सहाच्या जवळ. एका ५.१२ च्या बॅटरीतून, ९० टक्के वापरून आणि इन्व्हर्टरमधली घट वजा जाता, हाती ४.३ येतात. म्हणजे एक बॅटरी पुरणार नाही.

आता तेच ४ पंखे काढून बीएलडीसी पंखे लावा, ३० वॉटचे. २.७ चे १.०८ झाले. बेरीज ४.३ वर उतरली आणि एक बॅटरी बरोबर काठावर पुरली. पंख्यांनी दर रात्री दीड युनिटाहून जास्त वाचवलं. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हा माझा अगदी आग्रहाचा सल्ला आहे. त्याच्याइतकी स्वस्त बॅटरी दुसरी नाही.

एसी असेल तर गणित पालटतं. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्रीच्या ८ तासांत ६ युनिटांच्या आसपास जातो. कूलर वजा केला तरी रात्र ९ युनिटांची होते. दोन बॅटऱ्या ओढूनताणून, तीन निवांत. पॅनेलकडे वळलं तर आपल्याकडे एक किलोवॉटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिटांची धरतात. दिवसाचा खर्च ५ युनिट, दोन बॅटऱ्या भरायला १० ते ११, म्हणजे ४ किलोवॉट, आणि पावसाळ्याची तूट धरून ५ किलोवॉट. जुलै-ऑगस्टमधली आभाळ दाटलेली आठवडाभराची झड भागवायला बॅटऱ्या वाढवत नेऊ नका. ते दिवस थोडे असतात आणि तेव्हा लाइन आहेच.

मोठ्या सिस्टिममध्ये लोक फसतात ते मोटरवाल्या आकड्यावर. १०० अँपिअर-तासांच्या काही बॅटऱ्यांतून सतत ५० अँपिअरच ओढायची मुभा असते. ५० गुणिले ५१.२, म्हणजे अडीच किलोवॉट. वर इन्व्हर्टर ५ किलोवॉटचा असला तरी लाइन नसताना त्या एका बॅटरीतून अडीचच मिळणार. दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडल्या की ५. त्यातून बोअरची एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट खेचते, त्या धक्क्यालाच पुष्कळ इन्व्हर्टर ट्रिप होतात. टाकी भरायची ती दुपारी, उन्हावर. गीझरही बॅटरीवर नको. शेतावरच्या थ्री-फेज पंपाचा या सिस्टिमशी काही संबंध नाही, त्यासाठी सौर कृषिपंपाच्या योजना वेगळ्या आहेत.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसेन. पहिली, बॅटरीची जागा. दर १० अंश तापमान वाढलं की आतलं रासायनिक म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होतं ते बीडच्या माणसाला सांगायला नको. ज्यांच्या वाड्यात एखादी माळवदाची खोली अजून शाबूत आहे, त्यांनी बॅटरी तिथे ठेवावी. लाकूड आणि पांढऱ्या मातीच्या त्या जाड छताखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी गारवा असतो. नसेल तर तळमजल्यावरची, उत्तरेकडची, हवेशीर खोली बघा. झोपायची खोली मात्र नको.

उष्णता पॅनेललाही बाधते. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हा समज मेमध्ये खोटा ठरतो. मेच्या मध्याला सूर्य बीडच्या बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पण तेव्हा पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलेलं असतं. त्याचं ५५० वॉटचं माप २५ अंशांवर घेतलेलं, आणि वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट. ४० अंशांमागे १४ टक्के गेले. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून ठेवू नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, कल साधारण १९ अंशांचा, कारण बीडचे अक्षांशच तेवढे आहेत.

दुसरी गोष्ट जोडांची. ५१.२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ किलोवॉट घ्यायचे तर तारेतून जवळपास १०० अँपिअर धावतात. तारेच्या टोकाला लावलेला लग नीट दाबला नाही आणि तिथे नुसता १० मिलिओहमचा अडथळा राहिला, तरी त्या एका बिंदूवर १०० वॉटची उष्णता तयार होते. तांबं जाड हवं, लग यंत्राने दाबलेला हवा, आणि महिनाभराने कारागिराला बोलावून सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला हवेत.

तिसरी अर्थिंग. मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज कोसळून माणसं-जनावरं दगावतात. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा केला की त्याला वीजरोधक, एसीला एक, डीसीला एक आणि वीजरोधकाला स्वतंत्र असे तीन खड्डे, आणि दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर हवेतच. बालाघाट डोंगररांगेतल्या मुरमाड जमिनीत खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरती उरते, तेव्हा उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं आणि कारागिराकडून तिचा ओहम मोजून घ्यावा.

पैशांचं बोलू. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला ७८ हजारांचं अनुदान. पॅनेल देशात बनवलेल्या सेलचीच लागतात. हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर आहे, बॅटरीचा खर्च तुमचा. आणि नेट मीटर लागलं, की दिवसा दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होतं, शिल्लक मार्चअखेरपर्यंत पुढे ओढली जाते. अशा घरी बॅटरीने बिल आणखी उतरत नाही. उलट भरताना आणि काढताना दहाएक टक्के वीज वाया जाते. म्हणून बॅटरी घ्यायची ती अंधारासाठी.

तो अंधार किती, हे घराच्या जागेवर ठरतं. गावठाणाचा फीडर वेगळा झाला तिथे लाइट जाते, पण येतेही. शेतातल्या वस्तीवरची घरं अनेक ठिकाणी अजून शेतीच्या लाइनवर आहेत, तिथे तासांची पाळी चालते आणि संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की ट्यूब पेटत नाही. महिनाभर एका वहीत लाइट गेल्या-आल्याच्या वेळा लिहून काढा. दिवसाला अर्धा-पाऊण तास भरत असेल तर आहे ती ट्युब्युलर पुष्कळ झाली, पैसे पॅनेलमध्ये घाला. वस्तीवर राहत असाल, घरात ऑक्सिजनचं यंत्र लागणारं माणूस असेल, दवाखाना किंवा दुधाचा फ्रीझर असेल, तर मोठी एलएफपी घ्या आणि मन घट्ट करून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या या जिल्ह्यात दिवाळीनंतर कित्येक घरांना पाच-सहा महिने कुलूप असतं. नोकरीमुळे पुण्यात राहणाऱ्यांचीही घरं बंद असतात. शिशाची बॅटरी अशी रिकामी सोडली तर तिच्या पट्ट्यांवर कडक थर चढतो आणि ती परत उठत नाही. एलएफपीला निम्म्यावर आणून, स्विच बंद करून, गार जागी ठेवलं तर ती तेवढे महिने आरामात काढते. पूर्ण भरून मात्र ठेवू नये, भरलेल्या अवस्थेत ती जास्त थकते.

आयुष्य बहुधा ६ हजार वेळा भरून रिकामी करण्याचं लिहिलेलं असतं, रोज एकदा धरलं तर १६ वर्षं. वॉरंटी साधारण १० वर्षांची. कागदावर वर्षांबरोबर किती टक्के क्षमता उरेल तेही लिहिलेलं हवं, आणि सेलसाठी आयईसी ६२६१९ चा दाखला. ६ हजारांनंतरही ती एका दिवसात बंद पडत नाही, ७० किंवा ८० टक्क्यांवर उतरलेली असते आणि कमी भारावर आणखी काही वर्षं काढते. शेवटी ती भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बिल त्यासाठी जपून ठेवा, आणि जुनी बॅटरी कुठे जमा करायची ते विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्या.